दुकान वाढवलं

साक्षीनं केतकीचा अर्ज अडवला तो एका शब्दावरून. शब्दही असा, की कराडच्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या तो रोज उच्चारला गेला असेल आणि त्यानं कधी कुणाचं काही अडवलं नव्हतं.

"अर्जात दोन गंभीर विसंगती आढळल्या आहेत," साक्षी म्हणाली. टेबलावरच्या पडद्यातून येणारा तो आवाज मोठा गोड होता. नकार ऐकतानाही आपल्या हातावर कुणी पेढाच ठेवतंय असं माणसाला वाटावं, अशा बेतानं सरकारनं तो निवडला असावा. "पहिली. कुटुंबाचे पूर्वीचे दुकान, सासवडे बांगडी भांडार, बंद असल्याचे आपण लिहिले आहे. परंतु शेजारचे व्यापारी दिलावर मणेर यांनी साक्ष दिली आहे की आपल्या वडिलांनी ते दुकान वाढवले. वाढवलेला व्यवसाय लपवणे हा अपराध आहे."

"अहो, वाढवलं म्हणजे—"

"दुसरी. आपल्या बांगडीची चाचणी घेणाऱ्या हौसाबाई थोरात म्हणतात, 'भांडी घासताना माझी बांगडी वाढवली.' मनगटावर असताना काच आकाराने वाढत असेल तर ते धोकादायक आहे. आपल्या उद्योगाच्या प्रतिरूपात तिसऱ्या वर्षी तक्रारींचा पूर येऊन उद्योग बुडतो. नोंदणी स्थगित."

केतकी सासवडेनं कपाळावर हात मारून घेतला. पेशव्यांच्या काळात म्हणे कुणी 'ध'चा 'मा' केला आणि एक जीव गेला. इथं तर अक्षरसुद्धा कुणी बदललं नव्हतं. जसंच्या तसं ऐकून यंत्रानं सुतावरून स्वर्ग गाठला होता.

साक्षी म्हणजे काय, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरी सांगतो. पूर्वी धंद्याची नोंदणी करायची म्हणजे कागदांची चळत घेऊन हिंडावं लागे. भाडेकरार, ना-हरकत दाखला, प्रतिज्ञापत्र, त्यांच्या झेरॉक्स आणि झेरॉक्सवर सह्या. एवढं करून नोंदलेले निम्मे धंदे दोनचार वर्षांत गाशा गुंडाळत. मग 'उद्योगसाक्षी' आली. ती कागद मागत नाही, माणसं मागते. अर्जदार, शेजारी, गिऱ्हाईक, माल पुरवणारे यांच्याशी ती फोनवर चार गप्पा मारते आणि त्या बोलण्यातून त्या धंद्याचं एक प्रतिरूप संगणकात उभं करते. त्यात दुकान असतं, गल्ली असते, हुबेहूब तुमच्या गावासारखं गिऱ्हाईक असतं. मग तो धंदा ती हजारो वेळा चालवून बघते. कधी विजेचे दर वाढवून, कधी समोर स्पर्धक बसवून, कधी मालकाला आजारी पाडून. दहा वर्षांची कहाणी तिथं चहा गार व्हायच्या आत उरकते. बहुतेक वेळा धंदा तगला तर नोंदणी क्रमांक मिळतो. क्रमांक नसेल तर जागा नाही, वीज नाही, बँक दारात उभं करत नाही.

याचा फायदा झाला नाही असं नाही. बुडणारे धंदे कमी झाले. पण माणसं एकमेकांशी वकिलासारखी बोलू लागली. "काय शेठ, धंदा कसा काय?" असं विचारल्यावर "काय राम राह्यला नाही बघा" म्हणण्याची व्यापाऱ्यांची जुनी सवय सुटली. न जाणो, उद्या तेच वाक्य साक्षीनं कुणाच्या तरी तोंडून ऐकलं म्हणजे? 'चाललंय आपलं' म्हणणाऱ्या एका किराणावाल्याला तर तिनं 'चालता धंदा' म्हणून मोठ्या उलाढालीच्या रांगेत नेऊन बसवलं होतं.

केतकीचा धंदा होता बांगडीचा. जातीच्या कासारांचं घर, त्यात नवल ते काय? पण ही बांगडी निराळी होती. दिसायला साधी हिरवी काच. आत मात्र केसाहून बारीक, डोळ्याला न दिसणारी, वीज वाहून नेणारी तार गुंफलेली. अंगाच्या उबेवर तिच्यात इवलासा प्रवाह खेळत राहतो. जोडाच्या जागी मोहरीएवढी चकती बसवलेली. ती नाडीचे ठोके मोजते, हात किती वेगानं खाली आला ते टिपते आणि थोडी वीज साठवून ठेवते. बांगडी फुटली की प्रवाह तुटतो. चकती तुम्हाला विचारते, "ठीक आहात ना?" तुम्ही "हो" म्हणालात तर ती गप्प. उत्तर आलं नाही, तर आजूबाजूच्या पाच माणसांच्या फोनवर निरोप जातो: 'अमक्यांची बांगडी वाढवली. या.'

निरोपातला तो शब्द पप्पांचा. केतकीनं आधी 'बांगडी फुटली' असं लिहिलं होतं. तिच्या वडिलांनी, मुकुंदशेठनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "बाईमाणसाच्या बांगडीला फुटली म्हणायचं न्हाई. आपल्यात तर न्हाईच न्हाई."

बांगडीचं नाव तिनं ठेवलं होतं 'हाक'. नाव कुणासाठी होतं ते घरात दोघांनाही माहीत होतं, म्हणून त्यावर कधी बोलणं झालं नाही. सात वर्षांमागं तिची आई न्हाणीघरात पडली. हातातल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे फरशीभर झाले. तुकडे फार मोठ्यानं बोलत नाहीत. मुकुंदशेठ दोन गल्ल्या पलीकडं दुकानात कुणा नवरीला चुडा भरत होते. ते संध्याकाळी घरी आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी कळलं असतं तर बाई हाती लागल्या असत्या. दिवसकार्य झाल्यावर मुकुंदशेठ दुकानात गेले, दिवा लावला, गादी झटकली, शटर ओढलं. ते पुन्हा उचललं नाही.

केतकीनं पुण्याची नोकरी सोडली ती या बांगडीसाठी. ओगलेवाडीला, जिथल्या मातीला काचेची ओळख जुनी, तिथं तिनं एक गाळा पाहून ठेवला. गाळा महिनाअखेरपर्यंतच तिच्या नावे राखलेला होता. तोवर क्रमांक मिळाला नाही तर तो रांगेतल्या पुढच्या माणसाला जायचा; आणि नामंजूर झालेला अर्ज वर्षभर पुन्हा करता येत नव्हता. तेवढ्यात कुठली तरी मोठी कंपनी अशीच बांगडी प्लॅस्टिकची काढून मोकळी झाली असती.

"वाढवणे या क्रियापदाला 'बंद करणे, फुटणे' असा अर्थ आहे," केतकीनं साक्षीला सांगून पाहिलं. "अशुभ बोलू नये म्हणून आपल्याकडं उलटं बोलतात. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. शब्दकोशात बघा ना."

"शब्दकोशात तो अर्थ आहे," साक्षी तत्परतेनं म्हणाली. "परंतु गेल्या दहा वर्षांतील व्यापारी संभाषणांत तो जवळजवळ आढळत नाही. आता बहुतांश दुकाने स्वयंचलित असून चोवीस तास उघडी असतात. जे बंदच होत नाही ते वाढवणार कोण? हा अर्थ मृत मानला आहे."

"पण मणेरचाचांनी त्याच अर्थानं म्हटलंय! विचारा त्यांना पुन्हा."

"विचारले. ते म्हणाले, 'हां हां, केतकी बोलती तसंच.' आपण त्यांच्याशी आधी बोलला होता. पढवलेली साक्ष ग्राह्य नाही. तो अर्थ आपल्या फायद्याचा आहे. तेव्हा आपले स्पष्टीकरणही ग्राह्य नाही. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दुकानाचे मालक मुकुंद सासवडे यांनी स्वतः सांगावे: 'दुकान बंद झाले आहे.'"

म्हणजे गाडी येऊन ठेपली पप्पांपाशी. इथंच घोडं पेंड खाणार हे केतकीला तेव्हाच कळायला हवं होतं.

मुकुंदशेठनी सगळं नीट ऐकून घेतलं. पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले. साक्षीनं विचारलं, "सासवडे बांगडी भांडारची सद्यस्थिती काय आहे?"

"दुकान वाढवलंय," मुकुंदशेठ म्हणाले.

"पप्पा!"

"जे हाय ते सांगितलं."

"बंद म्हणा ना! एक शब्द. एक शब्द म्हणायला तुमचं काय जातंय?" केतकीचा आवाज चढला. "लोकांचे बाप पोरीच्या धंद्यासाठी जमीन विकतात. मी तुमच्याकडं एक शब्द मागतीय. दोन अक्षरं!"

मुकुंदशेठ उठले आणि अंगणात जाऊन बसले. केतकीला आपल्याच बोलण्याची लाज वाटली, पण राग काही ओसरेना. दोघं दोन दिवस एकमेकांशी जेवणापुरतं बोलली. "भाकरी वाढू?" "अर्धी." त्या घरात वाढायला तेवढंच उरलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आपणहून बोलले. समोर ठेवलेल्या हाकबांगड्यांपैकी एक हातात घेऊन, उजेडात धरून, तिच्यातली न दिसणारी तार शोधत म्हणाले, "तू म्हणतीस, वाढवलं म्हणजे बंद केलं. तसं न्हाई ते."

"मग?"

"बंद म्हणजे संपलं. वाढवलं म्हणजे आजचं झालं, आता उद्या उघडायचं. माझा आजा रोज वाढवायचा, बाप रोज वाढवायचा. रोज संपलं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं शटर उचललं असतं? तुझी आई गेली तवा डॉक्टर म्हणला, संपलं. ते एक ऐकून घेतलं. दुसरं मी माझ्या तोंडानं बोलणार न्हाई."

"सात वर्षं झाली की, पप्पा."

"झाली असतील," ते म्हणाले. "उद्याला काय घाई असती?"

 केतकीला एकदम उमगलं की साक्षीनं चुकून का होईना, तिची चूक बरोबर पकडली होती. अर्जात 'बंद' लिहिलं होतं ते तिनं. ते या माणसाच्या लेखी खोटं होतं.

मुकुंदशेठच्या उत्तरानं अर्ज पुन्हा अडला होता. दोनदा अडलेल्या अर्जाकडं माणूस पाठवायचा, एवढी एक सोय कायद्यात होती. त्याप्रमाणे सहायक निबंधक स्नेहल धायगुडे ओगलेवाडीच्या गाळ्यावर आल्या. बाई पंचेचाळिशीच्या, चटपटीत, केस आखूड, मनगटावर फक्त घड्याळ. ओढणीला टिकलीएवढी साक्षी लावलेली. बाई जिथं जातील तिथं तिचे डोळे नि कान.

सगळी हकीकत ऐकून त्या खळखळून हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "मला कळतंय हो सगळं. पण माझ्या कळण्याला किंमत नाही. साक्षीचा निकाल मी फिरवू शकत नाही. फक्त नवी साक्ष तिच्यासमोर आणू शकते. तीही कशी, तर ज्याला यातून काही मिळायचं नाही अशा माणसाची. न ठरवता, न विचारता, ओघात आलेली. आता मीच 'वाढवलं म्हणजे बंद' असं तिला समजावू लागले, तर ती म्हणणार, बाई शिकवताहेत."

"म्हणजे कुणीतरी सहज बोललं पाहिजे," केतकी म्हणाली. "तिच्या कानावर पडेल असं."

"सहज. आणि नेमकं काय घडलं तेही तिला दिसलं पाहिजे. अवघड आहे." त्यांनी घड्याळ पाहिलं. "नमुना-तपासणीला मी सोमवारी परत येईन. तुमची वस्तू मला एकदा स्वतः वापरून बघावी लागते, तसा नियम आहे. त्यानंतर महिना संपतोच." दारापाशी चपला घालताना त्या मुकुंदशेठकडं वळल्या. "बरंय काका, येते हं."

त्या गेल्यावर केतकी खुर्चीत मटकन बसली. मुकुंदशेठ मात्र दाराकडं बघत उभे होते. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं.

"बाई येते म्हणाली," ते म्हणाले. "जाते न्हाई म्हणाली."

"मग त्याचं काय?"

"काय न्हाई. घरचं वळण हाय म्हणायचं."

सोमवारी धायगुडे मॅडम आल्या तेव्हा मुकुंदशेठ धुतलेला पांढरा सदरा घालून गाळ्यात जमिनीवर मांडी ठोकून बसले होते. समोर स्वच्छ पंचा अंथरला होता, वर हाकबांगड्यांचा जोड. केतकीनं पंचा ओळखला. हा पंचा दुकानातल्या गादीचा होता. सात वर्षं तो घडी होऊन कपाटात पडला होता.

"मी घालीन की माझी मी," मॅडम म्हणाल्या.

"कासार बसलेला असताना? या, बसा अशा. डावा हात द्या."

मॅडम हसत समोर बसल्या. मुकुंदशेठनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला, पंजा दोनदा दाबून पाहिला, अंगठ्याखालचं हाड चाचपलं. त्यांची बोटं सवयीनं चालू लागली. केतकी लहानपणापासून ही जादू बघत आली होती. कितीही मोठा पंजा असो, कितीही लहान बांगडी असो. पप्पा बाईला बोलण्यात गुंतवत आणि ती विचारायच्या आत बांगडी मनगटात गेलेली असे. बाजारपेठेत म्हणत, मुकुंदशेठच्या हातनं बांगडी पिचली तर कृष्णा उलटी वाहील.

"माहेर कुठलं?" मुकुंदशेठनी विचारलं.

"लोणंदजवळचं. खेडंच आहे. आजी फार हौशी होती माझी. कासार दारात आला की सगळ्या नातींना ओळीनं बसवायची."

"मग हात मोकळा का?"

"ऑफिस, धावपळ... राहूनच गेलं बघा. लग्नातला चुडा उतरल्यापासून काचेची बांगडी म्हणून—"

पहिली बांगडी आत गेली. दुसरी पंजाच्या हाडापर्यंत आली. आणि केतकीनं पाहिलं, पप्पांचा अंगठा जिथं असायला नको तिथं होता. क्षणभरच. मग कट्‌ असा बारीकसा आवाज झाला.

"अगं बाई! वाढवली!" धायगुडे मॅडम ओरडल्या.

गाळ्यात सगळं थबकलं. पंच्यावर हिरव्या काचेचे तुकडे पडले होते. मॅडमचा हात अजून मुकुंदशेठच्या हातात होता आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कुठं ऐकू आलं.

तेवढ्यात तुकड्यांतल्या चकतीनं विचारलं, "ठीक आहात ना?" उत्तर द्यायचं भान कुणाला होतं? थोडी वाट पाहून चकतीनं आपलं काम केलं. केतकीच्या खिशातला फोन वाजला. मुकुंदशेठच्या सदऱ्यातला वाजला. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंगचं काम करणारी दोन माणसं, चाचणीसाठी केतकीनं ज्यांचे नंबर घेतले होते ती, हातमोज्यांसकट धावत दारात येऊन उभी राहिली. "काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. "माझी बांगडी... माझी बांगडी वाढवली हो!"

त्यांच्या ओढणीवरची टिकली इतका वेळ गप्प होती. आता ती बोलू लागली. एरवी झटपट बोलणारी साक्षी या वेळी थांबत थांबत बोलत होती.

"सहायक निबंधक धायगुडे यांनी 'वाढवली' हा शब्द दोनदा उच्चारला. पहिला उच्चार पूर्वविचाराविना झाला आहे. त्यांचा या उद्योगात हितसंबंध नाही. त्याच क्षणी वस्तू अखंड होती ती तुटली. वस्तू वाढलेली नाही." मग तिनं विचारलं, "मुकुंद सासवडे, बांगडी अपघाताने तुटली का?"

केतकी पप्पांकडं बघू लागली. खोटं बोलले तर अर्ज गेला. खरं बोलले तर काय होईल ते देव जाणे.

"न्हाई," मुकुंदशेठ म्हणाले. "मी वाढवली."

"का?"

"तुला ऐकवायला. बाईंना मी काय बोला म्हणालो न्हाई. ते त्यांचं त्या बोलल्या. घरातनं आलेलं बोलणं हाय ते, असं अचानकच निघतं." ते खाली तुकड्यांकडं बघत राहिले. "चाळीस वर्षं बांगड्या भरल्या. गिऱ्हाइकाच्या हातात मी आजवर वाढवली नव्हती. ही पयली."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. एक शब्द बोलायला ज्यांनी नकार दिला, त्यांनी दुसऱ्या एका शब्दापायी आपलं आयुष्यभराचं नाव पंच्यावर मोडून ठेवलं होतं. ती खाली बसली आणि पप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला.  

"अर्थ जिवंत असल्याचे आढळले," साक्षी म्हणाली. "सर्व साक्षी नव्याने वाचत आहे."

मग संगणकात काय काय घडलं असेल ते आपण नुसतं डोळ्यांसमोर आणावं. मणेरचाचांनी सांगितलेलं दुकान, जे प्रतिरूपात तीन मजली झालं होतं, ते पुन्हा आपल्या जागी, शटर ओढून शहाण्यासारखं बसलं. हौसाकाकूंच्या मनगटावर फुगत चाललेली बांगडी फुटली आणि शेजारीण मदतीला धावली. हाक उद्योग हजारो वेळा नव्यानं सुरू झाला. पेठेतल्या, वाडीवस्तीवरच्या, परगावी मुलं असलेल्या बायका बांगड्या भरून गेल्या; पडल्या, हाक गेली, माणसं आली. तिसरं वर्ष गेलं, पाचवं गेलं, दहावं गेलं.

"उद्योग तगतो," साक्षी म्हणाली. "तगतो, आणि वाढतो. इथे हा शब्द मी 'मोठा होतो' याच अर्थाने वापरत आहे."

वेल्डिंगवाल्यांनी टाळ्याच पिटल्या. त्यांना नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं, पण आनंदाला कुठं कळावं लागतं?

"एक नोंद उरली आहे," साक्षीनं पुढं विचारलं. "अर्जात पूर्वीचे दुकान 'बंद' असे लिहिले आहे. ते कायम करू?"

"नको," केतकी म्हणाली. "माझी चूक आहे ती. 'वाढवलं' असं लिही."

"या अर्थानुसार दुकान पुन्हा उघडणे अपेक्षित असते. अपेक्षित आहे का?"

केतकीनं पप्पांकडं पाहिलं. मुकुंदशेठ धायगुडे मॅडमच्या हाताला कुठं काच लागली नाही ना, ते निरखत होते. मान वर न करता ते म्हणाले, "उघडायचं की. गुरुवार बरा हाय."

नोंदणी क्रमांक पडद्यावर उमटला. धायगुडे मॅडम पाकीट काढू लागल्या तशी मुकुंदशेठनी त्यांना थांबवलं. घालताना वाढवलेली बांगडी कासाराची, गिऱ्हाइकाची नाही. तसा रिवाज आहे, म्हणाले. आणि नवी बांगडी घेऊन त्यांनी ती अशी अलगद चढवली की मॅडमना हात सोडल्यावर कळलं. त्या हात हलवून किणकिण ऐकत राहिल्या. जाताना पुन्हा "येते हं" म्हणाल्या, आणि या वेळी स्वतःलाच हसल्या.

साक्षी एक असली तरी तिचे कान राज्यभर. त्या आठवड्यात ठिकठिकाणच्या अडलेल्या फायली हलल्या. कुठं कुणी धंदा 'वाढवला' म्हणून लपवाछपवीचा ठपका बसला होता, कुठं उद्घाटनाचा नारळ 'वाढवला' म्हणून मालाच्या साठ्यात गफलत निघाली होती. ते सगळे सुटले. मणेरचाचा बाजारपेठेत छाती काढून सांगत हिंडले की हे सगळं आपल्या साक्षीमुळं झालं. एका परीनं ते खरंच होतं.

गुरुवारी बाजारपेठेतलं शटर वर गेलं. ओगलेवाडीच्या गाळ्यात केतकी बांगड्या बनवू लागली आणि जुन्या गादीवर मुकुंदशेठ त्या भरू लागले. पाटी जुनीच ठेवली. 'सासवडे बांगडी भांडार'च्या खाली फक्त 'हाक' एवढा नवा शब्द रंगवला.

माघ लागला तेव्हाची गोष्ट. भर दुपारी दुकानात गिऱ्हाईक होतं, एक नवी नवरी आणि तिच्या करवल्या. केतकी माल पोचवायला आली होती. मुकुंदशेठ नवरीचा हात हातात घेऊन तिसरी बांगडी चढवत असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी पाहिलं.

'हौसाबाई थोरातांची बांगडी वाढवली. या.'

केतकीला पुढचं नीट आठवत नाही. पप्पा गादीवरून उठले ते पायात चपला न घालता. "पोरी, बस हितंच, आलो," असं नवरीला म्हणाले आणि त्या वयात, त्या गर्दीत, धोतराचा सोगा धरून पळत सुटले. दोन गल्ल्या पलीकडं. तेवढ्याच दोन गल्ल्या. केतकी मागं धावली तेव्हा हौसाकाकूंच्या दारात आणखी तिघं शेजारी पोचले होते, पण सगळ्यांच्या आधी पोचलेला माणूस न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसून काकूंचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत होता, "आलोय मी. घाबरू नका. आलोय."

काकूंना दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्ताची गुठळी होती; वेळेत आणलंत म्हणून, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी काकू शुद्धीवर आल्या आणि पहिलं काय विचारलं असेल तर, "माझी बांगडी वाढवली, त्याची नवी फुकट देणार का मुकुंदशेठ?"

मुकुंदशेठ दुकानात परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. नवरी आणि करवल्या अजून बसून होत्या. मणेरचाचांनी त्यांना चहा पाजून बसवून ठेवलं होतं. मुकुंदशेठनी हात धुतले, राहिलेला चुडा भरला, नवरीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. ती सगळी गेली. मग त्यांनी गादी झटकली, पंच्याची घडी घातली, देवापुढं हात जोडले. केतकीच्या आईच्या फोटोसमोर ते जरा जास्त वेळ उभे राहिले.

शटरची साखळी हातात घेऊन ते केतकीकडं वळले. चेहरा दमलेला होता, पण त्यावर असं समाधान तिनं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"चल, केतकी," ते म्हणाले, "दुकान वाढवू."

कोपऱ्यातल्या पडद्यावर साक्षीनं तेवढी नोंद करून घेतली. अर्थ विचारला नाही.